उंच चालकासाठी किट कार कशी निवडावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किट कार म्हणजे सुट्या भागांत येणारी आणि आपण स्वतः जोडायची गाडी. तिला पैसा लागतो, त्याहून जास्त वेळ लागतो. एवढं करून शेवटी आपणच तिच्यात नीट बसू शकलो नाही, तर ती गाडी विकावी लागते. म्हणून इंजिन कोणतं, रंग कोणता, या सगळ्याच्या आधी आपण तिच्यात मावतो का, हे पाहायला हवं. हे प्रश्न साधारण १८३ सेंटिमीटर म्हणजे सहा फूट आणि त्याहून उंच असलेल्यांसाठी आहेत. रुंद खांद्यांच्या किंवा मोठ्या पायांच्या लोकांनाही ते उपयोगी पडतील.

माझी उंची १९० सेंटिमीटर आहे. मी किट कारमध्ये मावेन का?

नुसत्या उंचीवरून हे कुणालाच सांगता येणार नाही. माणसाची बसल्यावरची उंची एकूण उंचीच्या साधारण निम्म्याहून थोडी जास्त असते, पण 'थोडी' किती, हे माणसागणिक बदलतं. १९० सेंटिमीटरच्या दोन माणसांत एकाचं धड लांब आणि पाय आखूड, दुसऱ्याचं उलट, असं सहज असतं. पहिल्याचं डोकं रोल बारच्या, म्हणजे गाडी उलटल्यास डोकं वाचवणाऱ्या चालकामागच्या मजबूत नळीच्या, वर जाईल, पण त्याचे पाय पेडलपर्यंत आरामात पोचतील. दुसऱ्याच्या डोक्याचा काहीच प्रश्न नसेल, पण त्याचे गुडघे डॅशबोर्डखाली अडकतील. दोघांना वेगवेगळी गाडी लागेल. 'अमुक उंचीचा माझा मित्र त्यात बसतो' हे ऐकून किट मागवू नका.

मग कोणती मापं घ्यायची?

कडक स्टुलावर, पाठ भिंतीला लावून ताठ बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी माप घ्यायला सांगा. स्टुलाच्या पृष्ठभागापासून डोक्यापर्यंतची उंची घ्या. ट्रॅकवर जायचा विचार असेल तर हेच माप हेल्मेट घालूनही घ्या, कारण हेल्मेटने डोकं काही सेंटिमीटर वर जातं. मग स्टुलापासून डोळ्यांपर्यंत आणि खांद्यांपर्यंतची उंची. भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंतचं अंतर. जमिनीपासून गुडघ्याच्या वरच्या बाजूपर्यंतची उंची. खांद्यांची आणि बसल्यावरची नितंबांची रुंदी. शेवटचं माप बहुतेक जण विसरतात : ज्या बुटांत गाडी चालवणार त्यांची लांबी आणि तळव्याची रुंदी.

ही मापं कागदावर लिहून जवळ ठेवा. किट बनवणाऱ्याला फोन केलात तर 'मी उंच आहे' म्हणण्याऐवजी हे आकडे सांगा. समोरचा माणूस जाणकार असेल तर तो लगेच उपयोगी बोलू लागेल, आणि आकडे ऐकूनही नुसतं 'सगळे मावतात हो' म्हणाला, तर त्यावरूनही तुम्हाला काय ते कळेल.

या गाड्या मुळात इतक्या लहान का असतात?

कारण त्यांचे मूळ आराखडे शर्यतीतून आले आहेत. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस या ब्रिटिश कंपनीने १९५७ मध्ये 'सेव्हन' बाजारात आणली. वजन कमी आणि हवेला अडवणारा पुढचा भाग छोटा, हा तिचा सगळा विचार. चालकाभोवती जागा ठेवणं म्हणजे नळ्या, पत्रा आणि वजन वाढवणं. १९७३ मध्ये तिच्या उत्पादनाचे हक्क कॅटरहॅम या ब्रिटिश कंपनीकडे गेले, आणि पुढे जगभर असंख्य छोट्या कंपन्यांनी त्याच धर्तीच्या गाड्या काढल्या. मापं थोडीफार बदलली, पण लांब बॉनेट, मागच्या ॲक्सलला टेकून बसणारा चालक आणि मधे अरुंद पेटी ही रचना तीच राहिली. त्या पेटीच्या एका बाजूला टनेल, म्हणजे गिअरबॉक्सवरचा उंचवटा, दुसऱ्या बाजूला चॅसीच्या म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या नळ्या. त्यामुळे सीट नुसती मागे सरकवून जागा होत नाही. मागे लगेच ॲक्सल आणि पेट्रोलची टाकी असते.

सेव्हन प्रकारची गाडीच हवी आहे. काय पाहू?

रुंद चॅसी पाहा. कॅटरहॅमची अरुंद चॅसी 'सिरीज ३' या नावाने ओळखली जाते, आणि उंच-रुंद चालकांसाठी त्यांनी 'एसव्ही' ही मोठी चॅसी काढली. ती सुमारे ११० मिलिमीटरने रुंद आहे आणि तिची लांबीही जास्त आहे. वेस्टफील्ड या दुसऱ्या किट कंपनीनेही रुंद बॉडीची गाडी बनवली होती. वापरलेली घ्यायची असेल तर विचारताना 'रुंद की अरुंद' हा पहिला प्रश्न करा, कारण फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात.

स्वतः नळ्या कापून, वेल्डिंग करून चॅसी बनवायची असेल तर 'लोकॉस्ट' नावाने प्रसिद्ध असलेले आराखडे आहेत. मूळ लोकॉस्ट अरुंद आहे. तिचाच '+४४२' हा वाढीव आराखडा खास मोठ्या माणसांसाठी काढला गेला : चार इंच जास्त लांब, चार इंच जास्त रुंद, दोन इंच जास्त उंच. नावातच मापं आहेत. चॅसी स्वतः बनवणाऱ्या उंच माणसाने अरुंद आराखडा घ्यायला मला एकही सबळ कारण दिसत नाही. वेल्डिंगची मेहनत तेवढीच लागते आणि वजनातला फरक थोडा असतो.

मात्र एक गोष्ट आधी तपासा. रुंद चॅसीला बसणारं बॉनेट, स्कटल म्हणजे डॅशबोर्डवरचा बॉडीचा भाग, आणि पुढची काच, हे तयार मिळतं का? फायबरचे तयार भाग बहुधा अरुंद मापाचे जास्त मिळतात. चॅसी तयार झाल्यावर हे कळलं तर प्रत्येक पॅनेल हाताने बनवावं लागतं.

कोब्राची प्रतिकृती मोठी दिसते. ती उंच माणसाला बरी, नाही का?

बाहेरून दिसते तेवढी ती आतून मोठी नाही. मूळ कोब्रा ही अमेरिकेच्या कॅरोल शेल्बी यांची १९६२ ची उघडी स्पोर्ट्स कार. तिचं मूळ व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ९० इंच म्हणजे २२८६ मिलिमीटर आहे, आणि त्यातली बरीच लांबी व्ही-८ इंजिन खाऊन टाकतं. इंजिन आणि गिअरबॉक्स मागे सरकवलेला असल्यामुळे टनेल रुंद होतो आणि पाय ठेवायची जागा बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. परिणामी चालक सरळ बसतो, पण त्याचे पाय तिरके जातात. थोडा वेळ चालवताना हे जाणवत नाही, लांबच्या प्रवासात कमरेला जाणवतं.

तरीही सेव्हनच्या मानाने खांद्यांना आणि कोपरांना कोब्रात जास्त मोकळीक असते, आणि डोक्यावर काही नसतं. निरनिराळ्या कंपन्यांच्या चॅसींमध्ये पायांच्या जागेत बराच फरक असतो, त्यामुळे 'कोब्रा' हा एकच प्रकार समजू नका. बसून पाहताना नजर समोर ठेवून डाव्या पायाला क्लचशेजारी टेकायला जागा आहे का, ते बघा. ती नसेल तर पाय सतत क्लचवर तरंगत राहतो.

छत असलेली, जीटी-४० सारखी गाडी?

हा सर्वांत अवघड प्रकार. फोर्डच्या या गाडीच्या नावातले '४०' म्हणजे तिची इंचांतली उंची, जेमतेम एक मीटर. दार छतात कापलेलं असतं ते याचसाठी, की माणूस आत उतरू शकावा. डॅन गर्नी हा शर्यतपटू सहा फुटांहून बराच उंच होता. त्याच्या हेल्मेटला जागा व्हावी म्हणून फोर्डने मार्क ४ गाडीच्या छताला फुगवटा काढला, आणि त्याच गाडीतून त्याने ए. जे. फॉइटसोबत १९६७ ची ले माँ शर्यत जिंकली. तो फुगवटा 'गर्नी बबल' म्हणून आजही ओळखला जातो.

जीटी-४० च्या प्रतिकृतीवर मन जडलं असेल तर असा फुगवटा बनवता येतो का, हे बॉडी बनवणाऱ्याला ऑर्डर देण्यापूर्वी विचारा. छत तयार झाल्यावर कापून फुगवटा घालणं शक्य असतं, पण फायबरचं आणि रंगाचं काम दुप्पट होतं. रुंद उंबरठ्यावरून आत शिरणं हाही भाग आहेच. लांब पायांच्या माणसाला आत जाण्यापेक्षा बाहेर येणं जड जातं. दोन्ही करून पाहा, घाईत बाहेर यायचं आहे असं समजून.

बसायला सोपी अशी एखादी किट आहे का?

आहे, बीच बगी. ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये 'मेयर्स मँक्स' बनवली, आणि फोक्सवॅगन बीटलच्या फ्लोअर पॅनवर म्हणजे तळाच्या सांगाड्यावर बसणाऱ्या फायबर बॉड्यांची लाट आली. वर छत नाही, बसणं खुर्चीसारखं सरळ, पाय खाली. नेहमीच्या पद्धतीत बीटलचं पॅन कापून आखूड करतात. उंच माणसाने पूर्ण लांबीच्या पॅनवर बसणाऱ्या बॉड्या शोधाव्यात, त्याही मिळतात आणि कापण्या-जोडण्याचं मोठं काम वाचतं.

माझदा एमएक्स-५ चे भाग वापरणारी एक्सोसेटसारखी उघड्या नळ्यांची गाडीही पाहण्यासारखी आहे. मूळ एमएक्स-५ मध्ये उंच माणसाचं डोकं छताला लागतं. इथे छतच नाही. बीटलच्या पॅनवरच्याच पोर्शे स्पीडस्टरच्या प्रतिकृतीबद्दल मात्र सावध राहा. देखणी आहे, पण तिची काच इतकी बुटकी की चौकटीची वरची पट्टी नेमकी उंच माणसाच्या डोळ्यांसमोर येते.

सीटची पाठ मागे झुकवली की डोकं खाली जाईल ना? मग अडचण काय?

जाईल, आणि बराच फरक पडेल. बसल्यावरची उंची ९८ सेंटिमीटर धरू. पाठ उभ्या रेषेपासून १० अंश मागे असेल तर डोकं साधारण ९६ सेंटिमीटरवर असतं. २५ अंश झुकवली तर ८९ वर येतं. सात सेंटिमीटर मिळाले.

पण डोकं फक्त खाली जात नाही, मागेही जातं. त्याच हिशेबाने ते सुमारे २४ सेंटिमीटर मागे सरकतं, आणि मागे असतो रोल बार किंवा मागची भिंत. तिथे जागा नसेल तर नितंब पुढे घ्यावे लागतात, म्हणजे गुडघे डॅशबोर्डच्या आणखी जवळ. उंचीत वाचवलेलं असं लांबीत द्यावं लागतं. ज्या चॅसीत मागची भिंत तिरकी आहे तिथे हा उपाय छान चालतो. जिथे ती उभी आहे तिथे अर्ध्यातच अडतो.

दुसरं, पाठ जास्त कलली की समोर पाहायला मान पुढे वाकवून धरावी लागते. आणि धडक झाल्यास कमरेच्या पट्ट्याखालून शरीर पुढे घसरण्याचा धोका वाढतो. त्यामुळे कललेल्या सीटला मांड्यांमधून येणारा पट्टा असलेला पाच किंवा सहा टोकांचा हार्नेस, म्हणजे शर्यतीतल्यासारखा अनेक पट्ट्यांचा सीट बेल्ट, हवा आणि सीटचा पुढचा भाग मागच्यापेक्षा उंच हवा.

सीट बदलून किती जागा मिळते?

कमी श्रमात सर्वांत जास्त जागा इथेच मिळते. गाद्यांच्या सीटमध्ये बुडाखाली आणि पाठीमागे जाड फोम, शिवाय खाली सरकती रेल. त्याऐवजी फायबर किंवा कार्बनची पातळ कवचासारखी सीट थेट फ्लोअरवर बसवली, वर बोटभर जाडीची गादी घातली, की काही सेंटिमीटर खाली जाता येतं. रेल काढली तर आणखी थोडं. मात्र रेल काढल्यावर सीट पुढे-मागे होत नाही, म्हणून पेडल तरी सरकणारे हवेत.

याहून नेमकं हवं असेल तर शर्यतवाले करतात तशी ओतीव सीट. जाड प्लास्टिकच्या पिशवीत दोन घटकांचा फुगणारा फोम ओततात, त्यावर चालकाने चालवताना बसतो तसं बसायचं, आणि फोम अंगाच्या आकारात घट्ट होतो. हे काम हवेशीर जागी, अंगभर कपडे घालून आणि थोडा थोडा फोम ओतून करा, कारण फुगताना तो चांगलाच गरम होतो. नंतर त्यावर आग न पकडणारं कापड चढवा.

मऊ उशी घालून आराम मिळवायचा मोह टाळा. धडकेत उशी चेपते, शरीर खाली-पुढे जातं आणि घट्ट आवळलेला हार्नेस एका क्षणात सैल होतो.

फ्लोअर खाली घेतला तर?

चालतो. काही कंपन्या खाली उतरवलेल्या फ्लोअरचा पर्याय देतातही. बुडाच्या जागी चॅसीच्या खालच्या नळ्यांच्या खाली एक उथळ ताट बसवलेलं असतं. दोन गोष्टी पाहा. ते इंजिनच्या संपपेक्षा, म्हणजे तेलाच्या तळभांड्यापेक्षा, जो गाडीचा सर्वांत खालचा बिंदू असतो, खाली जाऊ नये आणि त्याची पुढची कड उतरती असावी, म्हणजे गतिरोधकावर ते अडकणार नाही. आणि सीटचे व पट्ट्यांचे बोल्ट कधीही नुसत्या पत्र्यात नकोत. ते चॅसीच्या नळीला जोडलेल्या मजबूत पट्टीत हवेत. बऱ्याच चॅसींमध्ये फ्लोअरचा पत्रा गाडीला पीळ पडू न देण्याचं काम करतो, तेव्हा तो कापण्याआधी आराखडा देणाऱ्याशी बोला.

माझे पाय मोठे आहेत. तीन पेडल एका बुटाखाली येतात.

ही तक्रार डोक्याच्या तक्रारीहून जास्त ऐकू येते, आणि ती जास्त गंभीरही आहे. ब्रेक दाबताना बुटाची कड ॲक्सिलरेटरवर गेली, तर गाडी थांबायच्या वेळी जोर पकडते.

पहिला उपाय बुटांचा. अरुंद तळव्याचे, पातळ सोलचे ड्रायव्हिंगचे बूट वापरले की बराच फरक पडतो. दुसरा पेडलच्या पट्ट्यांचा : पाऊल टेकतं ती चपटी पट्टी आडवी हलवता येते, छोटी करता येते, ॲक्सिलरेटर थोडा मागे बसवता येतो. तिसरा उपाय पूर्ण पेडल बॉक्स बदलण्याचा. टिल्टनसारख्या कंपन्या चालक बसल्या जागी पुढे-मागे करू शकेल असे पेडल बॉक्स बनवतात. लांब पायांना पेडल पुढे हवे असतात, पण पुढे किती जागा आहे हे चॅसीची आडवी नळी आणि पेडलपुढचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर ठरवतात, म्हणून तेही आधी मोजा.

पेडलची दांडी लांब-आखूड करून जागा काढू नका. दांडीच्या लांबीवर ब्रेकचा जोर ठरतो. व्हॅक्यूमची मदत नसलेल्या ब्रेकला साधारण ५:१ ते ६:१ असं प्रमाण ठेवतात. दांडी आखूड केली तर तेवढ्याच ब्रेकसाठी पाय खूप जोरात दाबावा लागतो.

बसण्याची योग्य जागा तपासायची साधी रीत अशी : क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पाय अगदी सरळ झाला तर तुम्ही फार मागे आहात. मांडी स्टिअरिंगला चिकटली तर फार पुढे.

गुडघे स्टिअरिंगला लागतात. काय करता येईल?

छोटं स्टिअरिंग व्हील, खालून सपाट असलेलं व्हील, आणि झटक्यात निघणारं बॉस म्हणजे व्हील दांड्याला जोडणारा भाग, या तिन्हींचा उपयोग होतो. निघणाऱ्या व्हीलमुळे आत-बाहेर करणं फारच सोपं होतं. लांब पायांच्या माणसाने तो खर्च करावाच. व्हील जितकं छोटं तितकं ते फिरवायला जड, हे लक्षात ठेवा, विशेषतः पुढे जड इंजिन असलेल्या गाडीत. स्टिअरिंगचा दांडा डॅशखाली थोडा वर उचलता येतो, पण त्याने सांध्यांचे कोन बदलतात. कोन फार वाढला की चाक एकसारखं न फिरता अडखळत फिरतं. हे काम स्टिअरिंग समजणाऱ्या माणसाच्या देखरेखीखालीच करा.

रोल बार डोक्यापेक्षा किती उंच हवा?

ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी अनेक नियमावल्यांत हेल्मेटच्या वर ५ सेंटिमीटरची अट असते. बसून, पट्टे आवळून, हेल्मेट घालून घ्या. दुसऱ्या माणसाने एक सरळ काठी रोल बारच्या माथ्यावरून पुढच्या मजबूत भागावर टेकवावी. हेल्मेट त्या काठीच्या खाली राहायला हवं. डोकं काठीला लागत असेल तर गाडी उलटल्यावर जमिनीला आधी तुमचं डोकं लागणार.

उंच माणसांच्या बाबतीत किटसोबत आलेला रोल बार इथे वारंवार कमी पडतो. तो तसाच ठेवून 'मी काही शर्यत करणार नाही' असं म्हणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : रस्त्यावरही गाडी उलटते. उंच बार मागवा. काही कंपन्या दोन उंचीचे बार देतात. वरून तुकडा जोडून उंची वाढवू नका. जोडावर तो मोडतो.

कोब्रा प्रतिकृतींवर दिसणारा चकाकता एकेरी बार चॅसीला जोडलेला आहे की नुसत्या फायबर बॉडीला, ते खाली वाकून पाहा. बॉडीला जोडलेला असेल तर ती केवळ शोभा आहे. आणि हेल्मेटशिवाय चालवताना डोकं ज्या नळीवर आपटू शकतं तिथे कडक फोमचं वेष्टन हवं. उंच माणसाचं डोकं नळीच्या जास्त जवळ असतं.

पुढच्या काचेचं काय?

डोळ्यांची रेषा काचेच्या मधून जात असेल तर उत्तम. पूर्ण वरून जात असेल तर चष्मा किंवा हेल्मेटची काच लावून चालवता येतं. चौकट नेमकी डोळ्यांपुढे येत असेल तर ती गाडी घेऊ नका, किंवा बैठक बदला. काचेवरून उडालेली हवा उंच माणसाच्या कपाळावर आदळते आणि डोकं हलत राहतं. अशांना पूर्ण काचेपेक्षा छोटा वारारोधकच बरा वाटतो. कापडी छत लावून गाडी वापरायची असेल तर छत चढवूनच आत शिरून पाहा.

हार्नेस उंच माणसासाठी वेगळा लावायचा का?

हार्नेस तोच, पण खांद्यांचे पट्टे कुठे अडकवले आहेत ते पाहा. ते खांद्यापासून मागे आडवे किंवा किंचित खाली, जास्तीत जास्त साधारण २० अंश, उतरत जायला हवेत. किटची ठरलेली नळी मध्यम उंचीच्या चालकाच्या हिशेबाने असते. तुमचे खांदे वर असतील तर पट्टे खांद्यावरून जवळजवळ सरळ खाली उतरतात, आणि धडकेत सगळा जोर मणक्यावर खालच्या दिशेने येतो. अशा वेळी पट्टे बांधायची आडवी नळी वर घ्यावी लागते. रोल बार मागवतानाच तिची उंची सांगितली तर हे एकाच कामात होतं.

गाडीत बसून पाहताना नेमकं काय करायचं?

किट कारच्या मेळाव्यांत मालक आनंदाने बसू देतात. पाच मिनिटं बसून 'छान आहे' म्हणू नका. अर्धा तास बसा. कंबर आणि मान विसाव्या मिनिटानंतर बोलू लागतात. नेहमीचे बूट घाला, हेल्मेट सोबत न्या. पट्टे पूर्ण आवळा. मग क्लच आणि ब्रेक एकदम दाबा, ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर पाय न्या. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. हात मांडीला अडतो का? कोपर बाहेर काढल्याशिवाय फिरवता येतं का? गिअर टाकताना दंड शेजारच्याला लागतो का? शेजारच्या सीटवर कुणाला तरी बसवूनच हे पाहा, रिकाम्या गाडीत अर्धी अडचण लपते. शेवटी पट्टे सोडून जितक्या लवकर येईल तितक्या लवकर बाहेर या.

मालकाने गाडीत काय बदललंय तेही विचारा. तुम्ही जिच्यात मावलात तिचा फ्लोअर खाली घेतलेला असेल, तर कंपनीकडून येणाऱ्या साध्या किटमध्ये तुम्ही मावणार नाही.

हवी ती गाडी बसून पाहायला कुठेच मिळत नाही. मग?

मग तिची नक्कल बनवा. उंच माणसाने हे करावं, असं मला फार मनापासून वाटतं. कंपनीकडून किंवा आराखड्यातून सहा मापं मिळवा : आतली रुंदी, मागच्या भिंतीपासून पेडलपर्यंतची लांबी, फ्लोअरपासून डॅशची खालची कड, स्टिअरिंगचं केंद्र, काचेची वरची कड आणि रोल बारचा माथा. जमिनीवर खडूने आखा, टनेल आणि बाजूच्या भिंती प्लायवुडच्या उभ्या करा, पेडलच्या जागी लाकडी ठोकळे ठोका, काचेच्या कडेला दोरी ताणा. जी सीट घ्यायचा विचार आहे तीच मध्ये ठेवा. एका सुट्टीच्या दिवसात होणारं काम आहे, आणि त्यात बसून जे कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकातून कळत नाही. ठोकळे सरकवत, सीट कलती करत तुम्हाला बसणारी मापं सापडली की तीच लिहून कंपनीला पाठवा.

मी उंच, पण जोडीदारही गाडी चालवणार आणि तो माणूस बुटका आहे.

सीट उंच माणसासाठी पक्की करा आणि पेडल सरकते ठेवा. बुटक्या चालकासाठी पाठीमागे आणि खाली बसणारी कडक, घट्ट अडकणारी वेगळी गादी बनवता येते. उलट करता येत नाही. बुटक्यासाठी बांधलेल्या गाडीत उंच माणसासाठी जागा काढायची म्हणजे पुन्हा पत्रा कापणं आलं.

उंच माणसाचं वजनही जास्त. त्याने काही फरक पडतो?

पाचशे-सहाशे किलोच्या गाडीत शंभर किलोचा चालक म्हणजे एकूण वजनाचा मोठा हिस्सा, तोही एका बाजूला. म्हणून चारही चाकांवरचं वजन जुळवताना चालक सीटवर बसलेला असावा किंवा तेवढंच वजन तिथे ठेवलेलं असावं. स्प्रिंग मागवताना तुमचं आणि शेजारी बसणाऱ्याचं वजन सांगा. त्यापेक्षा जास्त डोकं खपवायचं कारण नाही.

अर्धवट बांधलेली किट कमी किमतीत मिळते आहे. घ्यावी का?

तिच्यात बसता येत असेल तर घ्या, आणि बसायला सीट नसेल तरी एक खोकं ठेवून बसा. काय जोडून झालंय ते पाहा. चॅसी अरुंद असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या, कारण चॅसी हा एकच भाग नंतर बदलता येत नाही. चॅसी रुंद आहे पण डॅश, स्टिअरिंग आणि पेडल अजून बसवलेले नाहीत, अशी किट उंच माणसासाठी फार चांगली; सगळी मापं तुमच्या हाती असतात. फ्लोअर आणि पॅनेलं रिव्हेट मारून, चिकटवून पक्की झाली असतील तर ती उखडण्याचं काम हिशेबात धरा. आणि गाडी रस्त्यावर आणण्यासाठी तुमच्या देशात जी तपासणी लागते तिचे नियम वाचूनच बदल ठरवा. ब्रिटनमध्ये अशा एकेका गाडीला मंजुरी देणाऱ्या 'आयव्हीए' तपासणीत पट्ट्यांच्या जागा, स्टिअरिंगचा दांडा आणि आतल्या टोकदार कडा पाहिल्या जातात, म्हणजे उंच माणूस जे जे बदलतो नेमकं तेच. आधीच्या मालकाने केलेल्या कामाचे फोटो आणि बिलं मागून घ्या. तपासनीस विचारेल तेव्हा ती लागतील.